आबांकडून आलेलं निम्मं

धुळे, १८ जून २०२४

जितू,

तुझी मेल स्टाफरूममध्ये वाचली. पुढचा तास सातवी अ चा भूगोल होता. मी वर्गात गेले, फळ्यावर नद्यांची नावं लिहिली आणि तापीच्या खाली पुन्हा तापीच लिहिली. मुली हसल्या.

तू नंबर दिला आहेस, फोन कर म्हणाला आहेस. मी करणार नाही. मागच्या वेळी फोनवर दोघंही ओरडत होतो आणि कोणी कोणाचं ऐकलं नाही. लिहिलेलं तरी शेवटपर्यंत वाचता येतं.

दहा वर्षांत तुझ्याबद्दल मला एवढंच माहीत होतं : तू अल्माटीला डॉक्टर व्हायला गेलास, तिथंच रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागलास, एका उइगुर मुलीशी लग्न केलंस, आणि तुम्हाला मुलगी झाली. मुलीचं नाव आज कळलं. दिल्नूर. ती नऊ वर्षांची आहे, आणि तिच्या हाडांतल्या मगजानं रक्त तयार करणं थांबवलंय, हेही आजच कळलं. नावाआधी आजार वाचला मी. तुझ्या मेलमध्ये तोच आधी होता.

तू जे लिहिलंस ते माझ्या शब्दांत परत लिहिते. चुकलं तर सांग, कारण हे मला आईला समजावून सांगायचं आहे.

प्रत्येकाच्या पेशींवर काही खुणा असतात. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीर त्यावरून ओळखतं. खुणांचा एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. दिल्नूरला नवा मगज हवा, आणि देणाऱ्याच्या खुणा तिच्याशी जुळल्या पाहिजेत, निदान निम्म्या तरी. तिला भावंडं नाहीत. जगभरच्या दात्यांत शोधलं, कोणी नाही. कारण तिचा एक संच उइगुरांचा, आणि त्यांच्यात पूर्वेकडचे, पश्चिमेकडचे, कुठल्या कुठल्या वाटांनी आलेले इतके प्रकार मिसळले आहेत की दोन माणसं जुळायची मुश्कील. हेच तर तू दहा वर्षं तपासतो आहेस. दुसरा संच आपला, सावद्याचा. आपल्यात शंभर घरांतच सोयरीक फिरते, प्रकार थोडेच असतील, पण दात्यांच्या यादीत आपल्यातलं जवळजवळ कोणी नाही. म्हणजे एका बाजूला फार वेगवेगळे, आणि दुसऱ्या बाजूला कोणी नोंदच केलेली नाही.

मग तू किंवा तिची आई माहिरे का देत नाही? हे मला दोनदा वाचावं लागलं. दिल्नूरला इतक्यांदा परकं रक्त चढवलं की तिच्या शरीरानं काही खुणांशी वैर धरलंय. त्यात तुझा तिला न मिळालेला संच आला, माहिरेचाही तिला न मिळालेला संच आला. तिचं रक्त तुमच्या दोघांच्या पेशी टिकू देणार नाही. बरोबर?

आणि माहिरेकडचं कोणी का नाही, ते तू एका ओळीत लिहिलंस. तिची आई तपासली, जुळली नाही. बाकी मामा-मावश्या सीमेच्या पलीकडे आहेत, त्यांना फोन लागत नाही. त्यापुढं काही लिहिलं नाहीस.

माझं रक्त घे. कुठं द्यायचं ते सांग. आईचंही घेऊ. आबांचं नंतर बघू.

चारुअक्का


धुळे, ४ जुलै

जितू,

काल जळगावला जाऊन दोघींचं रक्त दिलं. तिथून मुंबईला जाईल, पंधरा दिवसांत कळेल म्हणाले. आईला मी सावद्याहून दवाखान्याच्या निमित्तानं आणलं. आबांना वाटलं गुडघ्यांसाठी.

बसमध्ये तिला सांगितलं. मी वाटेत खूप शब्द जुळवत होते, पण ती भुसावळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग म्हणाली, "फोटू आहे का?"

तू पाठवलेला दाखवला. तो आजारी पडायच्या आधीचा, दिल्नूर घोड्यावर बसलीय तो. आईनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"डोये कोनाचे हायेत हे?"

"तिच्या आईचे."

"आन् हे कपाय माह्यं हाय," ती आपल्या कपाळावर बोट टेकवत म्हणाली.

सुई टोचताना तिनं हात आखडला नाही. बाईंनी विचारलं, आजी, कोणासाठी? तर म्हणाली, नातीसाठी. एवढ्या मोठ्यानं की बाकावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

मी घरी आले तर शेजारच्या प्रमिलाबाई फाटकाशीच उभ्या. "काय व्हयनं वं बाई, घरमा कोनी बिमार शे का?" म्हणाल्या. मी नाही म्हटलं. नंतर वाटलं, हो म्हणायला काय हरकत होती. पण मग कोण, कुठं, कसं, हे सांगावं लागलं असतं. ते सगळं एका वाक्यात बसत नाही.

ज्ञानेश्वरांना मी सगळं सांगितलंय. ते म्हणाले लागेल तिथं मी येतो. तुझे मेहुणे जेवढं बोलतात तेवढ्यात हे बरंच झालं.

तिचा ताप उतरला का? रोज सकाळी एक ओळ पाठव. नुसतं "ठीक" लिही. नाहीतर मी शाळेत उगीच फळा पुसत राहते.

अक्का


धुळे, २२ जुलै

जितू,

रिपोर्ट आले. तुला प्रयोगशाळेनं पाठवलेच असतील, आणि तुला ते माझ्या आधी समजले असतील. तरी लिहिते.

मी जुळले नाही. आबांचा जो संच तुला मिळाला तो मला मिळालाच नाही, मला त्यांचा दुसरा मिळाला. सख्खे भाऊ-बहीण आपण, आणि तिला हवी ती बाजू नेमकी माझ्यात नाही. दुपारभर मी घरात फिरत होते. वाळत घातलेले कपडे काढले आणि ओलेच घडी करून ठेवले.

आईचं तर उलटं झालं. तिचा जो संच तुझ्यात आहे, दिल्नूरच्या रक्तानं वैर धरलंय ते त्याच्याशीच. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आजी चालणारच नाहीत. काल सावद्याला गेले तेव्हा आईला, तुझं जुळत नाही, एवढंच म्हणणार होते. पण ती खोदून खोदून विचारते, तुला माहीत आहे. शेवटी सांगितलं. ती चुलीपाशी बसलेली होती, भाकरी थापायची थांबली.

"माह्यंच काय वाईट लागलं तिले?"

मी म्हटलं, तसं नसतं गं आई, तिला काही कळत नाही, ते रक्ताचं असतं. ती म्हणाली, "रगताचंच तर म्हनते मी." आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

आता हिशेब सरळ आहे. दिल्नूरमध्ये जी तुझी बाजू आहे ती आईची नाही, म्हणजे आबांची. आबांना सख्खं भावंड नव्हतं. म्हणजे उरले आबा.

आबा विचार करताहेत. घाई करू नकोस.

अक्का


धुळे, ९ ऑगस्ट

जितू,

तुझ्या तीन मेल आल्या, तिन्हींत एकच प्रश्न. आबा काय म्हणाले.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आबा विचार करताहेत. तेव्हा मी त्यांना विचारलंच नव्हतं. विचारलं नाही तोवर "नाही" आलेलं नसतं, एवढंच धरून बसले होते मी. तू गेल्यानंतरचे आबा तू पाहिलेले नाहीत. आधीचे तुला माहीत आहेत. समाजाच्या वधूवर मेळाव्यात माईक धरून सोयरीक आपल्यातच करा म्हणून सांगणारे. तुझी बातमी आल्यावर त्यांनी समितीला चिठ्ठी पाठवली की माझ्या घरात मला जमलं नाही, मी दुसऱ्यांना काय सांगू. त्यानंतर मेळाव्याला गेले नाहीत. लग्नांनाही अक्षता पडल्या की निघून येतात. तुझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही आणि आम्हाला घेऊ दिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण तू काल लिहिलंस की आता नाकातून रक्त थांबायला अर्धा दिवस लागतो. मी आज सकाळची पहिली बस धरली.

आबा बागेत होते. यंदा केळीवर हरण्या रोग आलाय. पानांवर पिवळे पट्टे पडतात आणि झाड बसतं, औषध नाही. पोटरीएवढी झालेली बाग उपटून बांधावर टाकायचं काम चालू होतं. मजूर जेवायला गेले होते, आबा एकटेच उपटत होते. मी चपला काढून सरीत उतरले आणि त्यांच्या पाठीमागून चालत सगळं सांगितलं. त्यांच्याकडे बघून सांगता आलं नसतं. ते थांबले नाहीत. एक झाड, दुसरं झाड.

मी गप्प झाल्यावर म्हणाले, "किती वरसाची?"

"नऊ."

"नाव काय?"

"दिल्नूर."

"म्हंजे?"

"मनातला उजेड."

त्यांनी आणखी एक झाड उपटलं, मुळांची माती झटकली. "आन् तपासनी कोनाकोनाची झाली?"

मी माझं नाव घेतलं आणि आईचंही घेतलं. इथं ते थांबले. बाकी कशानं नाही, आईनं त्यांना न सांगता रक्त दिलं यानं.

"माह्या घरात राहून? मले न सांगता?"

"तुम्ही नाही म्हणाला असता, आबा."

"मी काय म्हनलो असतो हे तुमीच ठरवून टाकलं?" ते म्हणाले. "दोघींनी?"

मग ते हात न धुता घराकडे चालू लागले. मी मागे. घरी आईशी बोलले नाहीत. जेवलेही नाहीत. मी तीन वाजेपर्यंत थांबले. निघताना आईनं ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि खाली बसली. "माह्यं चाललं असतं तर तुमाले इचारलंच नसतं," ती म्हणाली. "माह्यं चालत नाही. म्हून तुमच्याकडे आली पोरगी."

आबांनी ताटाकडे पाहिलं. मी बस चुकेल म्हणून निघाले. खरं तर मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

उत्तर नाही. हो नाही, नाहीही नाही.

अक्का


धुळे, १४ ऑगस्ट

जितू,

घाईत लिहिते. आबा आले.

शाळा सुटून घरी आले तर ते व्हरांड्यात बसलेले, पायांशी पिशवी. ते एकटे एसटीनं धुळ्याला कधी आले होते मला आठवत नाही. ज्ञानेश्वरांनी पाणी दिलं होतं, ते तसंच होतं.

मला बसू दिलं नाही. म्हणाले, "पोरीचा काही दोष नाही. रगत घ्या, हाडं घ्या, काय घ्यायचं ते घ्या. पन तो माह्यासमोर नको. तो आला तर मी उठून येईन. हे त्याले लिहून टाक."

मी म्हटलं, लिहिते.

"आजच."

म्हणून आजच लिहिते. तू काय म्हणशील ते मला लिहू नकोस. हो म्हण. परवा जळगावला त्यांचा नमुना देतो. त्यांना पाणी मी दुसरं दिलं, तेव्हा प्यायले.

अक्का


धुळे, २ सप्टेंबर

जितू,

आबा जुळले. तुझा निरोप वाचून मी वर्गाबाहेर गेले आणि व्हरांड्यात उभी राहिले, मुलींनी आपापली पुस्तकं उघडली. निम्म्या खुणा बरोब्बर त्याच, आणि आबांच्या दुसऱ्या बाजूशी तिचं वैर नाही. वय जास्त आहे पण हृदय, साखर, दाब सगळं ठीक आहे, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. आबांना सांगितलं तर म्हणाले, "साखर नाहीच मले," जसं काही तेवढीच बातमी होती.

आता तुम्ही तिघं मुंबईला येणार, तिला काचेच्या खोलीत घेणार, तू आत तिच्याजवळ राहणार. म्हणजे आबांची अट आपोआप पाळली जाईल. हे मी आबांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. वीस तारखेला आम्ही येतो. आई इथं माझ्या घरी राहील. तिला यायचं आहे, पण म्हणाली, "मी तिथं आली तर रडीन, आन् तिच्या अंगाले ते चालनार नाही." आईच्या डोक्यात आता तिच्या जवळचं सगळंच दिल्नूरला बाधतं.

अक्का


मुंबई, २४ सप्टेंबर

जितू,

तू चौथ्या मजल्यावर, काचेच्या आत. आम्ही रस्त्यापलीकडच्या धर्मशाळेत. तरी लिहावंच लागतं. खोलीत तुझा आवाज फोनवर आला तर आबा चपला घालतील.

आज चौथं इंजेक्शन झालं. मगजातल्या पेशी रक्तात उतरवायला देतात ते. त्यानं हाडं ठणकतात हे त्यांनी सांगितलं होतं, पण एवढी ठणकतील असं वाटलं नव्हतं. आबा फक्त पाय लांब करतात आणि जवळ घेतात. माहिरेनं गरम पाण्याची पिशवी आणली. तिला कसं द्यावं कळेना, मग तिनं ती त्यांच्या कमरेशी ठेवली आणि बाजूला झाली.

"बाबा, दुखता है?" तुझ्याकडून शिकलेल्या हिंदीत तिनं विचारलं.

"दुखता है," आबा म्हणाले. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील.

माहिरेबद्दल मी तुला काय लिहू, तुझीच बायको. पण तू तिला गेले बारा दिवस नुसती काचेतून बघतो आहेस, म्हणून लिहिते. ती झोपत नाही. धर्मशाळेच्या सामायिक ओट्यावर ती कणीक मळते, तेल लावून झाकून ठेवते आणि मग हातानं ओढून ओढून तिच्या लांब दोऱ्या करते. वर बटाटा, ढोबळी मिरची, टोमॅटो. आबांसाठी मांस नाही घातलं, हे तिनं मला दोनदा सांगितलं. आबा खाटेवरून तिचे हात बघत होते. म्हणाले, "हिले शेवया जमतील." ताटलीतलं त्यांनी चमच्यानं खायचा प्रयत्न केला, मग हातानं खाल्लं.

जेवताना त्यांनी तिला विचारलं, "तुम्हारे घर में कौन कौन?"

ती म्हणाली, आई अल्माटीत. मावशी आणि दोन मामा सीमेपलीकडे. आईला मावशीनं सांभाळलं होतं.

"उनको बताया?"

"फोन नहीं लगता, बाबा. सात साल हुए."

"जिंदा है?"

"मालूम नहीं," ती म्हणाली.

आबांनी ताटलीतलं राहिलेलं तसंच ठेवलं. त्यांनी ताटात कधी टाकलेलं तू पाहिलंस? मग ते भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं दुखतंय. मी पिशवी बदलायला गेले तर म्हणाले, "राहू दे. ते नाही दुखत."

उद्या पेशी काढायच्या. दिल्नूरला सांग, आबा उशीर करत नाहीत.

अक्का


मुंबई, २७ सप्टेंबर

जितू,

काचेतून तुला दिसलं ते दिसलं. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं तू पाहिलं नाहीस, म्हणून गाडीत बसायच्या आधी हे लिहिते.

परवा पेशी काढताना मी शेजारी बसले होते. दोन्ही हातांत सुया, रक्त एका हातातून यंत्रात आणि दुसऱ्या हातातून परत. आबांना हलता येत नव्हतं, माशी नाकावर बसली तर मी हाकलत होते. शेवटी पिशवी दाखवली. त्यात टोमॅटोच्या सारासारखं काहीतरी, तेही थोडंसं. आबा म्हणाले, "एवढंच? एवढ्यासाठी इतके दिवस?" डॉक्टर हसले. म्हणाले, बाबा, एवढ्यात तिचं सगळं रक्त नवं होईल. आबांना ते पटलं नाही. बाहेर येऊन मला म्हणाले, त्याले म्हना आनखी घ्या, कमी पडाले नको.

पिशवी वर गेली. आम्हाला काल संध्याकाळीच निघायचं होतं. आज सकाळी माहिरेनं येऊन सांगितलं की दिल्नूर हट्ट करतेय, ज्यांचं घेतलं त्यांना बघायचं आहे. आबांनी मला विचारलं नाही आत कोण आहे. त्यांना माहीत होतं. त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

नंतर काय झालं ते तू आतून पाहिलंस. आबा काचेसमोर उभे राहिले. तू खुर्चीतून उठलास आणि पडद्याच्या बाजूला सरकलास. अट पाळायला बघत होतास ना? त्या खोलीत सरकायला जागा नाही, जितू. दिल्नूरनं फोन उचलला, नर्सनं बाहेरचा रिसीव्हर आबांच्या हातात दिला. मी त्यांच्या खांद्याशी होते, मला ऐकू आलं. बारीक आवाज, पण स्वच्छ.

"आबा, जेवले का?"

आबांनी "हो" म्हटलं. मग रिसीव्हर नर्सकडे दिला आणि चालू लागले. तुला एवढंच दिसलं असेल की ते आले, "हो" म्हणाले आणि गेले. तू तिथं काय समजलास कोण जाणे.

ते लिफ्टकडे न जाता जिन्याकडे गेले. चार मजले उतरले, मधे एकदा कठड्याला धरून थांबले. खाली औषधाच्या दुकानासमोर बाक आहे, तिथं बसले. माणसं येत-जात होती. त्यांच्याकडे बघत म्हणाले,

"बोलनं आपल्या घरचं हाय तिचं. 'जेवलात' नाही म्हनली. 'जेवले' म्हनली."

"हो."

"त्यानंच शिकवलं असेल."

"मग दुसरं कोण शिकवणार, आबा?"

 मग, "केस पिकले त्याचे."

मी म्हटलं, "तुम्ही बघितलंत?"

"दिसले," ते म्हणाले.

आणि त्यांनी धोतराचा सोगा उचलून तोंड पुसलं, अगदी घाम पुसतात तसं. मी पाणी आणायला गेले. पाणी जवळच मिळत होतं, मी लांबच्या दुकानातून आणलं.

गाडी लागली. तिचे आकडे कळव. तू म्हणालास दहा-पंधरा दिवस आकडे शून्यच राहतील, घाबरू नकोस. मी घाबरणार.

अक्का


धुळे, १९ ऑक्टोबर

जितू,

पांढऱ्या पेशी वर आल्या, हे वाचलं. आईला फोन लावून सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन तसाच ठेवून दिला, बंद न करता. मला तिकडचं सगळं ऐकू येत होतं. ती आबांना हाका मारत अंगणभर फिरत होती.

दिल्नूरला ताप आहे, अंगावर पुरळ आहे, नव्या पेशी जुन्या अंगाशी भांडताहेत, हेही वाचलं. औषधांनी आटोक्यात येईल असं डॉक्टर म्हणतात, तर येईल.

अक्का


सावदा, ८ डिसेंबर

जितू,

दिवाळीनंतर आता रजा घेऊन आले आहे आईकडे. तुझी कालची मेल इथं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचली. आई होती, आबा होते. वाचू का, असं मी विचारलं नाही. आबा उठले नाहीत.

दिल्नूर बाहेर आली, रुग्णालयाजवळच्या भाड्याच्या खोलीत तुम्ही तिघं आहात, ती स्वतः चपला घालून जिना उतरली. पुरळ गेलं. तिचा रक्तगट बी होता, आता हळूहळू आबांचा ओ होतोय. तिचं रक्त काढून आज कोणी तपासलं तर ते आबांचंच निघेल, असं तू लिहिलंस. आईनं मला ते वाक्य परत वाचायला लावलं. आबा म्हणाले, "एकडाव वाचलं ना."

आणि ज्या पेशींनी रक्त गोठतं त्या मात्र अजून मागे आहेत, दोनदा वर येऊन पुन्हा पडल्या, हे तू सगळ्यात शेवटी लिहिलंस. डॉक्टर जानेवारीपर्यंत वाट बघणार. नाहीच चढल्या तर त्याच माणसाच्या पेशी पुन्हा थोड्या लागतील. हे लिहिताना तू तीन ओळी माफी मागितली आहेस. त्या मी मोठ्यानं वाचल्या नाहीत.

मधे एक गोष्ट झाली ती सांगते. परवा अमृतनाना आले होते, समितीवाले. मेळाव्याचं आमंत्रण घेऊन आले, दरवर्षी येतात, आबा दरवर्षी घेऊन ठेवून देतात. त्यांनी सहज विचारलं, शालिग्रामभाऊ, मागं आठ-दहा दिवस दिसले नाही, कुठं गेलते? आई आतून दाराशी आली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते.

आबा म्हणाले, "मुंबईले. नातीले रगत द्याले."

"सारिकाले? काय झालं तिले?" माझी सारिका पुण्याला शिकतेय, त्यांना वाटलं तीच.

"सारिका चांगली हाय. जितेंद्रची पोरगी."

जितू, दहा वर्षांत पहिल्यांदा. मी तांदळातून हात काढला नाही. अमृतनाना पाऊसपाण्याचं बोलून निघून गेले. आबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. परत येऊन आईला म्हणाले, चहा टाक. एवढंच. समाजात आता बोलणं होईल, झालंही असेल. आबा मेळाव्याला जातात की नाही माहीत नाही. मी विचारलं नाही.

तुझं विचारणं की जानेवारीत तिला घेऊन आलो तर चालेल का, ते मात्र मी विचारलं. आबा मला म्हणाले, कागद घे. मी म्हटलं, मी फोनवरच लिहिते आबा. तर म्हणाले, मग फोनवर घे, मी सांगतो तसं लिही, तुह्यं काही घालू नको. म्हणून जसंच्या तसं खाली देते.

"जितेंद्र,

मी तंबाखू सोडली. डाक्तरले सांग. रोज सकायी बागेपर्यंत पायी जातो. दाब ठीक हाय.

पोरीले पुन्हा लागलं तर मले कळव. फोन कर, चारूले लिहाले लावू नको, दोन दिवस जातात. मी हाय तोवर दुसऱ्या कोनाकडे मांगू नको."